बॉम्बसाइट आणि कांचळी

दारव्ह्याहून यवतमाळला निघालेल्या काळीपिवळीत ऋचा मुळावकर मधल्या सीटवर बसली, तेव्हा तिचं डोकं आधीच तापलेलं होतं. ज्या माजी सैनिकाला भेटायला ती सकाळपासून भादव्याच्या पावसात भिजत फिरली, तो सैनिक निघालाच नाही. तो निघाला रेल्वेतला पॉइंट्समन. खाकी घालायचा म्हणून गावानं त्याला मिलिटरीवाला ठरवून टाकलं होतं. म्हाताऱ्यानं चहा पाजला, इटारसी स्टेशनच्या गोष्टी सांगितल्या आणि वर विचारलं, पोरी, तुला पाहिजे होतं ते मिळालं ना? आता काय सांगायचं त्याला... कपाळ!

आणि गाडी सुटते न सुटते तोच फोनवर ते पत्र आलं.

ऋचानं ते दोनदा वाचलं. मग मैत्रिणीला, गुंजनला, फोन लावला आणि ताडपत्रीचे पडदे सोडलेल्या त्या जीपमध्ये, दहा माणसं आणि दोन कोंबड्यांच्या साक्षीनं, मोठ्यानं वाचून दाखवलं. एका मोठ्या संशोधन-पत्रिकेनं तिचा निबंध परत पाठवला होता. निबंध होता दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बसाइटवर, म्हणजे विमानातून बॉम्ब नेमका कोणत्या क्षणी सोडायचा ते सांगणाऱ्या यंत्रावर, आणि ती यंत्रं इथल्या वर्कशॉपांत दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांवर. परीक्षकानं लिहिलं होतं की इतकी नाजूक यंत्रं गोऱ्या सार्जंटांनीच सांभाळली असणार. हिंदुस्थानी माणसांनी फार तर पेट्या उचलल्या असतील. याहून वेगळा पुरावा लेखिकेकडे नाही.

"उचलल्या असतील," ऋचा फोनमध्ये म्हणाली. "असतील! म्हणजे ह्या माणसाकडेही पुरावा नाहीच. पण तो मागायचा कुणाला, तर मला."

"पेट्या नव्हता उचलत तो," शेजारून आवाज आला.

ऋचानं मान वळवली. शेजारी एक हडकुळा, सावळा तरुण बसला होता. मांडीवर पोत्यात गुंडाळलेला वजनकाटा, काट्यावर दोन्ही हात, जणू झोपलेलं लेकरूच. तो तिच्याकडे नाही, समोर पावसाकडे बघत होता.

"कोण तो?"

"माझा आजा."

"तुम्ही माझं बोलणं ऐकत होतात?"

"मॅडम, ड्रायव्हरही ऐकून राह्यला," तो शांतपणे म्हणाला. "पत्र आलं तवापासून त्यानं दोनदा गाडी हळू केली."

मागच्या सीटवर कुणीतरी खुदकन हसलं. ऋचानं फोन ठेवला. एरवी तिनं ह्या माणसाला चांगलाच झापला असता, पण 'माझा आजा' हे शब्द तिच्या डोक्यात अडकून बसले होते. तिनं त्याला आडवंतिडवं विचारायला सुरुवात केली. नाव शाम राठोड. दारव्ह्यात काटे दुरुस्तीचं दुकान. आजा शंकरसिंग लढाईच्या वेळी मद्रासकडं विमानाच्या वर्कशॉपात फिटर होता आणि बॉम्बवाली काच नीट करायचा. हे तर कुणीही सांगेल, ऋचाला वाटलं. दारव्ह्यातल्या पॉइंट्समननं नुकताच तिला धडा दिला होता. म्हणून तिनं विचारलं, काय दिसायचं त्या काचेत?

शामनं काट्यावरचा एक हात उचलला आणि हवेत आडव्या रेघा ओढल्या, एकीखाली एक.

"उजेडाच्या रेघा. शिडीवाणी. त्या खाली सरकत राहतात... आणि विमान पार खालून उडत जाते म्हणून जहाजही सरकते. रेघा आन् जहाज एका चालीनं सरकले, की रेघा जहाजावर थांबल्यावाणी दिसतात. तवा सोडायचं. आधी नाही, मंग नाही."

ही गोष्ट कळायला ऋचाला चार वर्षं लागली होती. किती जुनी कागदपत्रं, किती धूसर झेरॉक्स. आणि हा माणूस ती आजाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीसारखी सांगत होता. आर्णी नाक्यावर उतरायचं ती साफ विसरली. बसस्टँडवर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून त्याच्या हातांकडेच बघतो आहोत, आणि मग तिला स्वतःचाही राग आला.

राग हा तसा मुळावकरांच्या घरचा कुळाचारच. तिचे वडील कमलाकरराव कलेक्टर कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले होते आणि पोरीच्या विषयावर चार वर्षं चिडलेले होते. चांगल्या घरच्या मुलीनं माणसं मारायच्या यंत्रावर पीएचडी करायची? लोकांना काय सांगायचं? ऋचा म्हणायची, माणसं तर मेलीच ना बाबा, निदान कशी मेली ते तरी नीट लिहू द्या. शिवाय तिचा मुख्य संताप वेगळाच होता. ढगांतून, मैलभर उंचीवरून बॉम्ब टाकणाऱ्या यंत्रांवर कपाटंच्या कपाटं पुस्तकं. आणि झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवरून, जिथं खालचं जहाज डोळ्याचं पातं लवतं तोवर मागे जातं, तिथं नेम धरणाऱ्या ह्या साध्यासुध्या काचेबद्दल कुठं चार ओळी मिळतील तर शपथ. जवळून नेम धरणं जास्त कठीण. पण कौतुक लांबच्यांचंच, ही जगाची रीत.

त्या रविवारी ती शामच्या तांड्यावर गेली. शामची आई, जमनीबाई, ओट्यावर बसली होती. आजा नोकरीतून सुटला तेव्हाचा दाखला तिनं काढून दिला. त्यावर हुद्दा स्पष्ट होता, यंत्रदुरुस्ती कारागीर. ऋचाचा जीव सुपाएवढा झाला. काच आहे का हो काकू, एखादी काच? आहे ना, जमनीबाई म्हणाली, आणि पेटीतून एक कांचळी, म्हणजे सासूची जुनी चोळी, घेऊन आली. लाल कापड, कवड्या, आणि त्यावर शिवलेले अकरा छोटे आरसे.

ऋचानं एक आरसा बोटानं हलवला आणि वाकून आत बघितलं. त्यात तिचा चेहरा दिसत होता आणि चेहऱ्यातून आरपार कांचळीचं लाल कापडही दिसत होतं. अर्धी कलई. अशी काच आरशाची नसते... बॉम्बसाइटचीच असते.

"कापली?" तिच्या तोंडून निघून गेलं. "अहो, ही काच कापली?"

जमनीबाई बोलू लागली. आधी वऱ्हाडीत, मग सासूची आठवण निघाली तशी आपसूक गोरमाटीत, आपल्या बंजारा बोलीत. बराच वेळ बोलली. ऋचाचा फोन रेकॉर्ड करत होता आणि ऋचा भिंग डोळ्याला लावून काचेत घुसली होती, मधूनमधून हो, हो म्हणत. शाम दारात उभा राहून दोघींकडे बघत होता.

मग सुरू झाले ते दीड महिन्याचे दिवस. काचेतून किती उजेड परत येतो आणि किती पार जातो, ते मोजायचं होतं. ते तांड्यावर जमेना, म्हणून जमनीबाईनं कांचळी दुकानात न्यायला दिली; एक टाकाही उसवायचा नाही, एवढीच अट. शामच्या दुकानात काट्यांच्या गर्दीत दोघं बसायची. बाहेर सोयाबीनचे ट्रॅक्टर, आत दिव्याच्या पिवळ्या उजेडात चार हात. ती आकडे सांगायची, तो लिहायचा. तो फार बोलायचा नाही, पण तिनं कुणावर तोंडसुख घेतलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. हसू दाबत असायचा बेटा. आज कोणाचा नंबर, तो तिला पायरीवरच विचारायचा. मग ती सांगायची, आज गाईडचा. किंवा आज बाबांचा. त्याचा नंबर कधी लागला नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

एका संध्याकाळी शामनं तिला बॉम्बसाइटच करून दाखवली. मेलेल्या प्रिंटरचा एक रूळ, त्याला चिरा पाडलेल्या, आत दिवा, समोर तिरपी काच. रूळ फिरला की काचेत उजेडाच्या रेघा खाली उतरत. रस्त्यावर झिमझिम सुरू होती. मी रस्त्यानं जातो, तो म्हणाला, तुम्ही चाल जुळवा. मी जहाज.

"जहाज इतकं बारीक नसतं," ऋचा म्हणाली.

"मंग पाणबुडी समजा."

तो छत्री घेऊन चालू लागला. पहिल्यांदा रेघा त्याच्या पुढे पळाल्या. दुसऱ्यांदा मागे पडल्या. तिसऱ्यांदा तिनं रुळाची चाल बदलायचं बटण अगदी हलकेच फिरवलं आणि... रेघा थांबल्या. रस्ता सरकत होता, ट्रॅक्टर सरकत होते, पाऊस सरकत होता, आणि काचेच्या मधोमध त्याचा ओला खांदा जागच्या जागी होता. आता 'सोडा' म्हणायचं होतं. तिनं म्हटलं नाही. तो चहाच्या टपरीपर्यंत जाऊन दोन कप घेऊन परत आला.

"काहून? सोडलं नाही?"

"नाही."

"कायले?"

"फार जवळ होतात," ऋचा म्हणाली, आणि तिनं चहात तोंड खुपसलं. त्या दिवशी कानाच्या पाळ्या दोघांच्याही लाल झाल्या.

दिवाळीनंतर निबंध स्वीकारला गेला. दाखला, काच, मोजमाप, सगळं जोडून तिनं तो पुन्हा पाठवला होता आणि तोच परीक्षक आता म्हणत होता की पुरावा समाधानकारक आहे. हा निबंध छापून आला की तिला प्रबंध सादर करता येणार होता. चार वर्षांची तपश्चर्या फळाला येणार होती. छपाईआधीची प्रत आणि पावशेर पेढे घेऊन ती शामच्या दुकानात थडकली. शामनं पेढा बाजूला ठेवला आणि वाचू लागला. इंग्रजी तो सावकाश पण नीट वाचायचा. सातव्या पानावर थांबला. पुन्हा वाचलं. प्रत मिटली.

"हे काय लिहिलं तुम्ही?"

तिनं बघितलं. वाक्य असं होतं: काचेचं मोल न कळल्यामुळे घरातल्या अडाणी स्त्रियांनी ती फोडून अंगावरच्या शोभेसाठी वापरली.

"त्या साहेबानं माझ्या आजाले हमाल म्हटलं," शाम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमाले किती राग आलता, साऱ्या जीपनं पाह्यलं. आता माझ्या आजीचं तुम्ही काय केलं?"

ऋचा गडबडली, आणि गडबडली की ती भांडते. काच कापली हे खरं आहे की नाही? अकरा तुकडे आहेत की नाहीत? आणि सगळ्या निबंधात शंकरसिंगांचं एवढं नाव झालंय ते नाही दिसत, हे एक वाक्य तेवढं दिसलं?

"पेट्या उचलल्या असतील, तेही एकच वाक्य होतं."

शामनं समोरचा काटा ओढून घेतला आणि स्क्रू काढायला लागला. मान वर न करता तो म्हणाला, याडीनं, माझ्या मायनं, तुमाले सगळं सांगतलं होतं. फोनमधी आहे. कधी फुरसत भेटली तर ऐका.

ऋचा तणतणत घरी आली. अडाणी म्हटलं तर काय चुकलं, सही तरी येत होती का त्या बाईला, असं ती आर्णी नाक्यापासून घरापर्यंत मनातल्या मनात भांडत आली. आल्या आल्या तिनं ते रेकॉर्डिंग लावलं. त्याला चूक ठरवायलाच लावलं. जमनीबाईचा आवाज आला, गोरमाटीतला, लयीत चाललेला. आणि मग स्वतःचा: "हो, हो... काकू, जरा उजेडात धरता?" जमनीबाई थांबली. पुन्हा सुरू झाली. "काकू, ही बाजू फिरवा ना." पुन्हा थांबली. अकरा मिनिटांत ऋचानं त्या बाईला सात वेळा तोडलं होतं. आठव्यांदा जमनीबाई स्वतःच गप्प झाली होती. तिला कळत नव्हती ती भाषा, हे एकवेळ ठीक. पण काय म्हणालात, एवढं विचारायला काय धाड भरली होती? एखाद्या मठ्ठ, उर्मट बाईचा येतो तसा ऋचाला फोनमधल्या त्या बाईचा, म्हणजे स्वतःचाच, राग आला. इतका राग तिला त्या परीक्षकाचाही आला नव्हता. आणि रागाच्या तळाशी लख्ख दिसत होतं, की शाम आता तिच्याशी बोलणार नाही आणि ते तिला सोसवणार नाही.

त्यानं खरंच फोन उचलला नाही. एक दिवस, दोन दिवस, तीन. तिसऱ्या दिवशी ऋचानं संपादकांना फोन केला. निबंधाचा उत्तरार्ध चुकलाय, त्या घरातल्या बाईचं न ऐकताच लिहिलाय, मला पुन्हा लिहायचाय. संपादक म्हणाले, अंक छपाईला चाललाय, आता फक्त शुद्धलेखन बदलता येईल. आहे तसा जाऊ द्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. गाईड कडाडले, एका वाक्यासाठी वर्ष घालवतेस? कमलाकररावांनी सगळं ऐकलं, वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, चूक आहे ना, मग सही करायची नाही. आमच्या शाखेत ह्यावरून माझी तीन वेळा बदली झाली होती. चार वर्षांत पहिल्यांदा बाप-लेक एका बाजूला उभे होते. ऋचानं निबंध मागे घेतला आणि चौथ्या दिवशी सकाळी तांड्याची वाट धरली.

जमनीबाई ओट्यावर उडीद पाखडत होती. शामनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे ते वाक्य ऋचालाच तिच्यासमोर उच्चारावं लागलं, शब्दन् शब्द, मराठी करून. तिनं एकही शब्द गाळला नाही. जमनीबाईचं सूप थांबलं.

"अडाणी तर होतीच माझी सासू," ती म्हणाली. "अंगठा लावे. पण फोडली म्हनतं? फोडली नाही वं माय... घासली."

"मला पुन्हा सांगाल काकू? तुमच्या बोलीतच सांगा. कळलं नाही तर मी विचारीन."

जमनीबाईनं तिला शेजारी बसवलं. आणि ऋचा ऐकत गेली. विमानातून तडकलेली काच आली की ती फोडून चुरा करायचा हुकूम होता. शंकरसिंगचं लग्न ठरलेलं. त्यानं साहेबाकडे एक तडकलेली काच मागून घेतली आणि वर्कशॉपातल्या काच कापायच्या हिऱ्यानं तडा चुकवत तिचे अकरा तुकडे स्वतः कापले. पण कडा धारदार. दोरा तुटे, अंग कापे. तेव्हा नव्या नवरीनं, लालीबाईनं, पाण्यात दगड ठेवून एकेक कड घासायला घेतली. तीन महिने घासली. अशी घासली की नवरा बघत राहिला. वर्कशॉपात आठ जणांत कुणालाच जमत नव्हतं ते हिला जमलं होतं. पुढं पन्नास वर्षं दारव्ह्याच्या चष्मेवाल्यांच्या काचा ह्याच ओट्यावर घासून गेल्या. आधी लालीबाईनं घासल्या, मग जमनीबाईनं. हे बघ, म्हणून जमनीबाईनं अंगठा पुढं केला. त्याचं टोक एका बाजूनं झिजून सपाट झालं होतं.

ऋचानं तिला चौदा वेळा थांबवलं, प्रत्येक वेळी म्हणजे काय हे विचारायला. मग कांचळी मागितली, आणि पहिल्यांदाच काचेच्या आत न बघता कडेवरून बोट फिरवलं. गोटीसारखी गुळगुळीत. इतके दिवस भिंग लावून बसली होती, आणि कडेला एकदा हात लावावा असं सुचलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"काय झालं?" शाम शेतातून येत होता. चिखलाचे पाय, हातात विळा.

त्याला जमनीबाईनंच सांगितलं, निबंध मागं घेतला म्हणते ही. शाम उभाच राहिला.

"म्हणजे वर्ष गेलं तुमचं?"

"गेलं," ऋचा म्हणाली. "आणि फोन न उचलायचं काय कारण होतं? चूक केली तर सांगायचं, भांडायचं. तोंड फिरवून बसायचं? तीन दिवस अन्न गोड लागलं नाही मला." तिचा आवाज फुटला. "मला तुमचा भयंकर राग आलाय. तुम्ही मला आवडता म्हणून जास्त आलाय."

शामनं विळा ओट्यावर ठेवला. मग पुन्हा उचलला. त्याच्या कानांकडे बघवत नव्हतं.

"पुन्हा लिहायचं तर याडीची भाषा शिका लागन," तो म्हणाला. "मी शिकवीन. वर्षभर, रोज."

"वर्षभरच?"

"तुमाले किती लागते शिकायले?"

"मी भाषांत फार कच्ची आहे," ऋचा म्हणाली. "मला... खूप वर्षं लागतील."

जमनीबाईनं सूप उचललं आणि दोघांकडे न बघता गोरमाटीत काहीतरी म्हणाली. शामनं मान खाली घातली.

"काय म्हणाल्या?" ऋचानं लगेच विचारलं.

"मंग सांगतो."

"मंग नाही. आत्ता."

"म्हणते..." शाम विळ्याच्या मुठीकडे बघत होता. "म्हणते, ह्याले घेऊन जाय वं माय. चार दिवसांपासून तोंड पाडून घरात फिरून राह्यला, मले पाह्यवत नाही."

ऋचा वळून जमनीबाईजवळ खाली बसली.

"नेते," ती म्हणाली. "पण उडीद निवडून झाल्यावर." आणि तिनं सुपातले खडे वेचायला घेतले.